दोन घड्याळांची होडी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मला फार वेळ बोलवणार नाही. फळ्या सैल झाल्यात, पोटात वारा शिरतो, बोलायला लागले की सगळं अंग कुरकुरतं. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मध्येच माझा डोळा लागला तर हलवून उठवा. जोरात नको.

माझा जन्म कॉथाऊंगचा. अलीकडे आमचा ब्रह्मदेश, पलीकडे थायलंडचं रानोंग, आणि मध्ये नदी समुद्राला मिळते तिथली ही रुंद, गढूळ खाडी. तुन बा नावाच्या म्हाताऱ्या सुतारानं मला खारफुटीच्या कडेला चिखलात बांधलं. तो थिंगानच्या लाकडाची फळी आणायचा, बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक करायचा, कान लावायचा, आवाज पोकळ आला की म्हणायचा, "ही खोटं बोलतेय." की ती फळी बाजूला. मग दुसरी. "ही पण खोटारडी."

त्याची बायको चुलीपाशी बसून ओरडायची, "अहो, लाकूड निवडताय की सून?"

"सून खोटं बोलली तर पकडायला तू आहेस," तुन बा म्हणायचा. "मधल्या खाडीत हिला कोण पकडणार?"

असं करत करत सात महिने लागले. शेवटी फटींत कापूस आणि राळ ठासून मला पाण्यात ढकललं. माझ्या नाकाला लाल, पिवळी, हिरवी फडकी बांधली, मोगऱ्याचा हार घातला, समोर केळ्यांचे घड आणि नारळ ठेवला. आमच्याकडे होडीच्या नाकात तिचा राखणदार देव राहतो. त्यामुळे नाकावर पाय ठेवायचा नाही, नाक ओलांडायचं नाही, आणि थुंकायचं तर नाहीच. आमच्या गावात सगळं गाव विडे चघळतं आणि कुठेही पिंक टाकतं, पण होडीच्या नाकावर? अजिबात नाही!

मागं मात्र माझा अपमान केला. कुठल्याशा जुन्या ट्रकचं इंजिन आणून लावलं. त्याला लांबलचक दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. म्हणजे मला शेपूटच. ते इंजिन बिचारं बारा वर्षं घाटात दगड वाहून आलेलं. त्याला वाटलं होतं, आता निवांत गंज खात पडायचं. रोज सकाळी खोकायचं, धूर सोडायचं, माझ्याशी भांडायचं आणि मग निघायचं. आम्ही तीस वर्षं असंच भांडलो. नवराबायको बरे.

माझा मालक होता को लुन. 'को' म्हणजे दादा. पन्नाशी उलटली तरी धक्क्यावर त्याला कुणी काका म्हणालं नाही, कारण काका म्हणण्यासारखं तो एकदाही वागला नाही. तोंडात विडा, गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी आणि दोन्ही हातांवर दोन घड्याळं. डाव्या हातावर आमच्या काठाची वेळ, उजव्या हातावर पलीकडची. पलीकडची वेळ आमच्यापेक्षा अर्धा तास पुढं. खाडी ओलांडून तिकडे गेलं की अर्धा तास हरवतो आणि परत आलं की सापडतो. को लुन म्हणायचा, "दिवसातून चार फेऱ्या मारतो मी. माझं वय तुम्हाला कळणारच नाही."

आमच्या गावात पाहुणे फार यायचे, मित्रांनो. पण गाव बघायला नाही. पलीकडे राहणाऱ्या परदेशी लोकांच्या राहण्याची मुदत संपली की ते खाडी ओलांडून आमच्याकडे यायचे, पासपोर्टावर शिक्का मारून घ्यायचे आणि तासाभरात परत. चहा अर्धा प्यायचे. टेकडीवरच्या पॅगोड्याकडे मान वर करून बघायचे, 'छान आहे' म्हणायचे आणि चढायचे नाहीत. काजूचं पाकीट घ्यायचे. संपली भेट. हजारो लोक मी आणले आणि नेले. त्यातल्या शंभरांनीसुद्धा गावाचं नाव नीट विचारलं नसेल. याचा थकवा वेगळाच असतो. ओझ्यानं पाठ दुखते, ती रात्रीत बरी होते. पण आपल्या घरी येणारा प्रत्येकजण चपला न काढता दारातूनच वळतो म्हटल्यावर, कुठेतरी आत दुखत राहतं.

मग आम्ही काय करायचो? चेष्टा करायचो. खोटं कशाला बोलू, मीही त्यात होते. पांढरा शुभ्र शर्ट घालून कुणी ऐटीत बसला की मी लाटेवर जरा अशी तिरकी व्हायचे की फवारा बरोब्बर त्याच्या छातीवर. आणि को लुन आपली घड्याळं दाखवायचा. पाहुणा निवांत चहा पीत असला की उजवा हात त्याच्या नाकासमोर धरायचा, "अहो, इथली शिक्क्याची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं!" पाहुणा कप टाकून धावत सुटायचा, एक चप्पल मागं, एक पायात. धक्क्यावर धावत आला की को लुन शांतपणे डावा हात पुढं करायचा, "थांबा, हे बघा. अजून चाळीस आहेत." सगळा धक्का पोट धरून हसायचा. चहावाली दॉ म्या बाहीनं डोळे पुसत म्हणायची, "अरे लुन्या, नरकात जाशील रे!"

"जाईन की, मावशी. तिकडे किती वाजलेत?"

या सगळ्या पाहुण्यांत एकच बाई खरी पाहुणी होती. तिचं नाव मा न्यो. ती आमच्याच गावची, पण पलीकडे माकूळ मासळी वाळवायच्या शेडमध्ये कामाला होती. तिची लहान मुलगी तिथंच तिच्याजवळ राहायची आणि आई इकडे, गावात. दोन महिन्यांतून एकदा तिला एका दिवसाचा पास मिळायचा. सकाळी यायचं, आईजवळ बसायचं आणि पलीकडची खिडकी बंद व्हायच्या आत, म्हणजे तिकडच्या साडेचारच्या आत, पास परत करायचा. उशीर झाला की पास रद्द. पास रद्द झाला की मा न्यो इकडे आणि पोर तिकडे. नवा पास मिळायला कधी चार महिने लागायचे, कधी वर्ष. कधी मिळायचाच नाही.

मा न्यो घाईनं कधी चालायची नाही. होडीत चढताना माझ्या नाकाला हात लावून नमस्कार करायची, मग बाजूनं, पाय पाण्यात भिजवून चढायची. तिच्यावर मी कधी पाणी उडवलं नाही.

ही गोष्ट पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. तेव्हा खिशाखिशात फोन नव्हते. त्या दिवशी सकाळी मी दोघांना घेऊन आले. एक मा न्यो, दुसरा एक टाय लावलेला पाहुणा. हा पाहुणा दर तीन मिनिटांनी विचारायचा, "किती वाजले?" को लुन सांगायचा. "आणि तिकडे?" तेही सांगायचा. अर्ध्या खाडीत को लुनचं डोकं फिरलं. धक्क्याला लागल्यावर पाहुण्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा को लुननं पाठ फिरवली, उजव्या हातावरचं घड्याळ गुपचूप अर्धा तास मागं केलं आणि दोन्ही हात पुढं धरले.

"साहेब, बघा. दोन्ही सारखी. आज सकाळपासून दोन्ही देशांची वेळ एक झाली. वरून हुकूम आलाय."

पाहुणा डोळे वटारून बघत राहिला. "खरंच?"

"मग काय," दॉ म्या दूध ढवळत म्हणाली, चेहरा अगदी भिंतीसारखा. "माझी तर सकाळपासून नुसती तारांबळ. दूध उकळायचं कुठल्या वेळेला?"

पाहुण्यानं वहीत लिहून घेतलं. आपलं घड्याळ मागं केलं. तो टेकडीच्या दिशेनं गेला आणि धक्का हसून फुटला. हमाल टोपल्यांवर लोळले. मलाही इतकं हसू आलं की दोर ताणला गेला. दुपारी दॉ म्याला त्याची दया आली, तिनं खरं सांगितलं, आणि तो पाहुणा शिव्या देत दुसऱ्या होडीनं निघून गेला.

घड्याळ मात्र पुन्हा पुढं करायचं राहूनच गेलं.

तुम्ही म्हणाल, दोन्ही घड्याळं सारखी दिसली तर कळलं कसं नाही? पण को लुन दोन्ही हात एकदम कधी बघायचाच नाही. इकडचं काम असलं की डावा, तिकडचं असलं की उजवा. इतक्या वर्षांची सवय.

दुपारी मा न्यो धक्क्यावर आली, हातात रिकामी पिशवी. "दादा, तिकडे किती वाजले? निघायचं का?"

को लुननं उजवा हात बघितला. "तीनला दहा कमी. आता कुठे निघतेस? ओहोटी असली तरी पाऊण तासात पोचू. जा, बस अर्धा तास आईजवळ."

"नक्की ना दादा? तुमचं काही सांगता येत नाही."

"अगं, तुझी चेष्टा मी कधी केलीय? जा."

तिचा चेहरा असा उजळला, मित्रांनो. अर्धा तास! तिला कुणी सोन्याची बांगडी दिली असती तरी इतकी खूश झाली नसती. ती चक्क पळत गेली. परत आली तेव्हा म्हातारी आई सोबत होती, हातात डबा घेऊन. "मोहिंगा केलाय," म्हातारी म्हणाली. "रस्सा खालच्या डब्यात, शेवया वरच्या. नातीला म्हणावं, माशाचे काटे काढलेत आजीनं. एकेक." मा न्योनं डबा मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी धरून. उजव्या घड्याळात तीन वीस झाले होते. आम्ही निघालो.

दहा मिनिटं गेली असतील. ऊन तिरपं झालं होतं, पाणी भरभर उतरत होतं, इंजिन नेहमीसारखं खोकत होतं. आणि पलीकडच्या काठावरून बर्फाच्या कारखान्याचा भोंगा ऐकू आला. लांब, एकच.

मा न्योची मान वर झाली. "दादा, हा तर चारचा भोंगा."

"छे. साडेतीनच झालेत." को लुननं उजवा हात बघितला. मग हळूच डावा. मग दोन्ही हात एकत्र धरले. तीस वर्षं मी त्या माणसाबरोबर फेऱ्या मारल्या. वादळात बघितलं, सरकारी बोटीनं अडवलं तेव्हा बघितलं. पण तोंडातला विडा चघळायचा थांबलेला मी तेव्हाच बघितला.

"मा न्यो," तो म्हणाला, "सकाळी... तो टायवाला..."

तिला सगळं कळलं. ती धक्क्यावर होतीच ना सकाळी, तीही हसली होती. ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, माझी थिरी पायरीवर बसलेली असते."

अर्धा तास उरला होता. मधला गाळाचा पट्टा ओहोटीत वर येतो, त्याला वळसा घालून जायचं तर पस्तीस मिनिटं. सरळ पट्ट्यावरून गेलं तर वीस, पण तिथं पाणी वीतभर. माझ्या पोटाखालची एक फळी दोन पावसाळ्यांपासून मऊ झालेली. दर महिन्याला को लुन म्हणायचा, "पुढच्या अमावास्येला वर ओढू, राळ भरू." अमावास्या आल्या आणि गेल्या. चेष्टेला त्याच्याकडे वेळ होता, राळेला नव्हता. आणि मीही कुरकुरले नाही, कारण मलाही हसण्यातच रस होता.

त्यानं इंजिनाचा वेग पूर्ण वाढवला आणि माझं नाक सरळ पट्ट्याकडे वळवलं.

पहिल्यांदा गाळ घासला तेव्हा गुदगुल्या झाल्या. दुसऱ्यांदा शिंपले लागले. तिसऱ्यांदा ती मऊ फळी उभी फाटली आणि पाणी आत आलं. शपथेवर सांगते, मला तिथंच बसावंसं वाटलं. अंगात काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं नुसती माणसं इकडून तिकडे, तिकडून इकडे; एक दिवस चिखलात बसलं तर कुणाचं काय बिघडणार? पण कुणाचं बिघडणार, ते माझ्या पोटातच बसलं होतं.

"उपस!" को लुन ओरडला. "पाणी उपस, ताई!"

"कशानं? इथं डबडं कुठाय?"

"होतं गं... चार दिवसांपूर्वी दॉ म्यानं नेलं. दूध मोजायला."

मा न्योनं मांडीवरच्या डब्याकडे बघितलं. एक क्षणच. मग झाकण काढलं, शेवया खाडीत, रस्सा खाडीत, आणि त्या डब्यानं ती पाणी उपसू लागली. आईनं एकेक काटा काढलेला मासा पाण्यावर तरंगत मागं गेला. वर घारी गोळा झाल्या.

इंजिन तेव्हा पहिल्यांदा माझ्याशी भांडलं नाही. नुसतं ओरडत राहिलं, घाटात चढताना ओरडायचं तसं.

पलीकडच्या धक्क्याला मी लागले तेव्हा अर्धी बुडालेली होते. बाजूनं उतरायचं तर कमरेएवढा गाळ. धक्क्याच्या पायऱ्या फक्त माझ्या नाकासमोर. मा न्यो नाकापर्यंत आली आणि थबकली. फडकी, वाळलेला हार. तिनं हात जोडले.

"अगं पाय दे!" को लुनचा आवाज फाटला. "पाय दे तिच्यावर! देवाचं मी बघतो!"

आणि माझ्या नाकावर पहिल्यांदा कुणाचा पाय पडला. मला वाटलं होतं, तेव्हा मला खूप राग येईल. पण तो पाय इतका हलका होता, मित्रांनो, कोवळं पान पडावं तसा. एका उडीत ती पायरीवर होती. अनवाणी धावत वर गेली. खिडकीची पट्टी खाली येत होती. तिनं पास त्या फटीतून आत सरकवला. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मग आतून शिक्क्याचा आवाज आला. धप्प.

बाजूच्या पायरीवरून एक पाच वर्षांची पोरगी उठली आणि तिच्या कमरेला लटकली.

को लुन पाण्यात उभा होता, माझा कठडा दोन्ही हातांनी धरून. मा न्योनं वरून एकदाच खाली बघितलं. "दादा," ती म्हणाली, "आज मी आईला अर्धा तास जास्त भेटले. पण असा अर्धा तास मला परत देऊ नका." आणि पोरीला घेऊन गेली.

रात्र आम्ही तिकडेच काढली. सकाळी दोन होड्यांनी मला ओढत आमच्या काठाला आणलं. धक्क्यावर मा न्योची आई बसलेली. आदल्या दिवशी तिनं आम्हाला पट्ट्यावर चढताना बघितलं होतं. त्यानंतर तिला काहीच कळलं नव्हतं. रात्रभर दॉ म्यानं तिच्याजवळ बसून चहावर चहा पाजला होता.

"पोचली, मावशी," को लुन म्हणाला. "वेळेत. शिक्का पडला."

म्हातारीनं डोळे मिटले. मग उघडले आणि विचारलं, "थिरीला मोहिंगा आवडला का?"

को लुनजवळ अशा वेळेसाठी शंभर उत्तरं तयार असायची. आवडला, मावशी, बोटं चाटली पोरीनं. म्हातारीही हसली असती. दॉ म्यानं त्याच्याकडे बघितलं, हमालांनी बघितलं. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी गोड सांगेल.

"नाही मावशी," तो म्हणाला. "सांडला. घड्याळ मी मागं केलं होतं, चेष्टेत. होडी फुटली माझ्या आळसानं. तुमच्या डब्यानं पोरीनं पाणी उपसलं."

म्हातारी उठली, चिखलातून माझ्यापर्यंत आली, फाटलेल्या फळीत बोटं घालून बघितली. राळेची जुनी खपली तिच्या हातात आली. "हे असं ठेवलंस हिला?" ती को लुनला म्हणाली. "मी रागावेन म्हणून वाट बघू नकोस आता. आधी हिला वर ओढ."

त्यानं मला वर ओढलं. नवी फळी निवडायला तो तीन दिवस टकटक करत बसला, कान लावून, आणि कुणी हसलं नाही. उजव्या हातावरचं घड्याळ त्यानं पुढं केलं आणि त्यानंतर त्याला कधी हात लावला नाही. मा न्यो वर्षभर दुसऱ्या होडीनं जात होती. वर्षानंतर एकदा थिरीला घेऊन माझ्याकडे आली. चढण्याआधी को लुनचे दोन्ही हात समोर धरून तिनं दोन्ही घड्याळं नीट बघितली. मग बाजूनं, पाय भिजवत, चढली.

त्यानंतर मी आणखी बरीच वर्षं फेऱ्या मारल्या. मग वेगात जाणाऱ्या नव्या बोटी आल्या, माझ्यात कुणी बसेना. को लुनही थकला. आता मी चिखलात पडलेय. पावसाळ्यापूर्वी तो काठी टेकत येतो, फटींत राळ भरतो. लोक म्हणतात, वेडा आहे, ही परत पाण्यात जाणार थोडीच. तो म्हणतो, "पाण्यात जायला नाही भरत."

तर मित्रांनो, माझं मागणं फार नाही. घरात एखादी जुनी वस्तू कुरकुरत असेल तर तिचं कुरकुरणं आजच ऐका, पुढच्या अमावास्येला नको. चेष्टा करा, खूप करा, मला अजून आवडते. पण कुणी 'किती वाजले' असं विचारलं, तर आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघा. कुठल्यातरी पायरीवर त्याची कुणी वाट बघत असेल. त्याला वेळ खरी सांगा.

आता पुरे. भरती येतेय आणि मला झोप येतेय. जाताना हळू जा.